हलगीस बोलूं द्यावें

गेल्या वर्षींच्या स्नेहसंमेलनांत एक लहानसा प्रसंग घडला. कार्यक्रमपत्रिकेंत तो छापलेला नव्हता, पाहुण्यांच्या भाषणांत त्याचा उल्लेख आला नाहीं, व अहवालांतही त्यास जागा मिळाली नाहीं. तथापि त्या सायंकाळची दुसरी कोणतीही गोष्ट आमच्या स्मरणांत इतकी ठळक राहिलेली नाहीं. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याची परवानगी आम्ही विद्यार्थिमित्रांकडे व पालकवर्गाकडे मागतों.

एक समूहनृत्य चालू असतां वीज गेली. ध्वनिक्षेपकांतून वाजणारें चित्रपटगीत मध्येंच तुटलें, आणि रंगीबेरंगी पोशाख केलेलीं दहाबारा मुलें हात वर उचललेल्या स्थितींत तशींच उभीं राहिलीं. गाणें थांबल्यावर पुढें काय करावयाचें हें त्यांस ठाऊक नव्हतें. कारण त्यांचें सारें नृत्य त्या यंत्राच्या पोटांत होतें. अंगणांत गलबला सुरू झाला. इतक्यांत लेझीमच्या पथकासाठीं आणलेल्या हलगीवर कोणीतरी काडी मारली. नववीच्या वर्गांतील, वसतिगृहांत राहणारा एक विद्यार्थी ती हलगी घेऊन पुढें आला. त्याच्या मागोमाग त्याचे दोन सोबती आले. एकानें स्वयंपाकघरांतून दोन रिकाम्या घागरी उचलून आणल्या होत्या. दुसऱ्यानें टॉवेल डोक्यावरून पदरासारखा घेतला होता. कोणीतरी मोटारसायकलीचा दिवा रंगमंचाकडे वळविला, आणि त्या उजेडांत त्या तिघांनीं पंधरावीस मिनिटें एक खेळ केला.

खेळाचा विषय साधा होता. माण तालुक्यांतील एका वाडीवर बायका पाण्याच्या टँकरची वाट पाहत आहेत. टँकर येतो, परंतु घागरी भरण्यापूर्वीं स्वतःचें छायाचित्र काढून घेण्यासाठीं एक पुढारी मध्यें उभा राहतो. तो मान या बाजूस वळवितो, त्या बाजूस वळवितो, आणि तेवढ्यांत टँकरचें पाणी गळून संपतें. संवाद कोणी लिहून दिलेले नव्हते. प्रेक्षकांतून कोणी कांहीं ओरडलें कीं त्यास तत्काळ उत्तर मिळत होतें. प्रथम सारे पोट धरून हंसले. शेवटीं त्या मुलानें घागर उपडी केली. तींतून थेंबही पडला नाहीं. हलगी थांबली, आणि साऱ्या अंगणांत कोणी बोलेनासें झालें. मागाहून आम्हांस कळलें कीं, खेळांतील ती वाट पाहणारी बाई म्हणजे त्या मुलाची आईच होती.

दुसऱ्या दिवशीं कांहीं पालकांच्या तक्रारी आल्या. त्या सद्भावनेनेंच आलेल्या होत्या, म्हणून त्यांचा विचार आदरपूर्वक केला पाहिजे. त्यांत तीन आक्षेप होते. पहिला असा कीं, सराव न करतां, शिक्षकांस न दाखवितां केलेला खेळ म्हणजे बेशिस्त होय. दुसरा असा कीं, हलगी व तमाशाचा ढंग शाळेच्या रंगमंचास शोभत नाहीं. तिसरा असा कीं, टँकर, पुढारी इत्यादि विषय आणून मुलांनीं राजकारणांत पडूं नये. या तिन्ही आक्षेपांस आमच्या अल्पमतीप्रमाणें उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिला आक्षेप सरावाविषयींचा. हा आक्षेप घेणारे सद्गृहस्थ सातारा-सांगलीकडीलच असल्यामुळें त्यांस सांगलीचीच गोष्ट सांगणें बरें. इ. स. १८४३ मध्यें सांगली संस्थानचे अधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' हा खेळ केला. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण त्या दिवसापासून मोजतों, आणि ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमि दिन म्हणून पाळतों. परंतु त्या खेळाची रीति कशी होती, हें थोड्यांस ठाऊक असतें. भाव्यांनीं पदें रचिलीं होतीं. तीं सूत्रधार मागें उभा राहून गात असे. त्या पदांचा आशय ध्यानीं घेऊन पात्रें आपलें गद्य भाषण ऐन वेळीं, स्वतःच्या शब्दांत करीत. विदूषकास तर लिहिलेला शब्द बहुधा नसेच. गाणें, नाच, सोंगें, रंगविलेलें पात्र आणि आयत्या वेळचें बोलणें या सर्वांची ती मिसळ होती. भावे स्वतः लाकडी बाहुल्याही करीत असत. म्हणजे ज्या रंगभूमीचा आपणांस अभिमान वाटतो, तिचा पायाच न लिहिलेल्या संवादांवर घातलेला आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, मग अभ्यासाची गरज काय? हा गैरसमज मोठा घातक आहे. उत्स्फूर्त म्हणजे तयारीवांचून केलेलें, असा अर्थ मुळींच नाहीं. भाव्यांच्या पात्रांस रामायणाची कथा तोंडपाठ होती; पदें, ताल व सोंग यांची तालीम झालेली होती. तमाशांतील सोंगाड्या फडावर उभा राहून जें हजरजबाबी बोलतो, त्याच्या मागें शेंकडों रात्रींचें जागरण असतें. वगाची कथा, पात्रांचा क्रम आणि गाण्याच्या जागा त्यास ठाऊक असतात. शब्द मात्र त्या रात्रीचे, त्या गांवचे व त्या श्रोत्यांचे असतात. विहीर आधीं खणलेली असते, म्हणूनच ऐन वेळीं पोहरा सोडतां येतो. आमच्या त्या विद्यार्थ्यानें सराव केला नव्हता, असें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. टँकरच्या रांगेंत तो लहानपणापासून उभा राहिलेला आहे. त्याची तालीम आपण पाहिली नाहीं, इतकेंच.

उलट ज्या नृत्याचा महिनाभर सराव झाला होता, त्याचें काय झालें हेंही आठवावें. त्या मुलांचा यांत कांहीं दोष नाहीं. त्यांनीं मेहनत केली होती. परंतु त्यांस आपण दुसऱ्याच्या गाण्यावर दुसऱ्याचे हावभाव बसवून दिले. वीज गेली तेव्हां त्यांच्यापाशीं स्वतःचें असें कांहींच उरलें नाहीं. शिक्षणाच्या बाबतींत हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. पाठ केलेलें उत्तर आठवेनासें झालें म्हणजे परीक्षेंत कोरा कागद ठेवून येणारा विद्यार्थी आणि वीज जातांच थबकलेलें तें नृत्य, यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं.

दुसरा आक्षेप हलगीविषयींचा आहे. त्यास उत्तर देण्यापूर्वीं एक गोष्ट नमूद करणें अवश्य आहे. त्याच सायंकाळीं, त्याच हलगीच्या तालावर आपल्या लेझीमच्या पथकानें पाहुण्यांचें स्वागत केलें होतें, आणि तेव्हां सर्व पालकांनीं टाळ्या वाजविल्या होत्या. म्हणजे हलगी वाजली तर चालते. ती बोलूं लागली म्हणजे अडचण होते. हा भेद वाद्याचा नव्हे. ज्यांच्या घरीं ती पिढ्यान् पिढ्या वाजत आली, त्यांस गांवानें वेशीबाहेर ठेविलें, त्यांच्या तालावर आपल्या वराती व जत्रा काढल्या, परंतु त्यांचें म्हणणें कधीं ऐकून घेतलें नाहीं. तीच जुनी संवय नकळत आपल्या शाळेच्या अंगणांतही आली आहे काय, हा प्रश्न आपण प्रत्येकानें स्वतःस विचारावा.

या हलगीस व ढोलकीस बोलावयास लावणारा थोर कलावंत याच भूमीनें दिला आहे. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजीं वाटेगांव येथें झाला. वाळवें तालुक्यांतील हें गांव तेव्हां सातारा जिल्ह्यांत होतें. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. तेव्हां अण्णा भाऊंवर साताऱ्याचा व सांगलीचा सारखाच हक्क आहे. मातंग समाजांतील या मुलास शाळेचा लाभ जेमतेम दीड दिवस झाला, असें सांगतात. पोट भरण्यासाठीं तो वडिलांबरोबर पायीं चालत मुंबईस गेला, तेथें पडेल तें काम केलें, आणि दुकानांच्या पाट्या व भिंतीवरचीं पत्रकें वाचीत अक्षरओळख वाढविली. तमाशाचें बाळकडू मात्र त्यास वाटेगांवांतच, नातलगांच्या फडांत मिळालें होतें.

इ. स. १९४४ मध्यें अण्णा भाऊ, अमर शेख व दत्ता गव्हाणकर यांनीं 'लाल बावटा कलापथक' स्थापन केलें. या पथकाच्या राजकीय मताशीं प्रत्येक वाचक सहमत होईल असें नाहीं, व होण्याची गरजही नाहीं. आम्हांस येथें त्यांच्या कामाची पद्धति पाहावयाची आहे. अण्णा भाऊंनीं तमाशाचा जुना सांगाडा घेतला. परंतु त्यांतील गणांत मातृभूमि व शिवछत्रपति यांस वंदन आणिलें, गौळण वगळली, आणि वगांत राजाराणीच्या जागीं सावकार, शेतकरी, गिरणीकामगार व निवडणुकीचे उमेदवार उभे केले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचें इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे' हीं त्यांच्या वगनाट्यांचीं नांवेंच विषय सांगतात. पोवाडा, छक्कड, ढोलकी, तुणतुणें, विनोदी बतावणी, कोपरखळी, आणि मध्येंच काळजास घरें पाडणारें एखादें वाक्य, या साऱ्यांचें त्यांनीं एक रसायन केलें. ज्या चाळींत लोक राहत, त्या चाळींच्या पटांगणांतच तें लोकांपुढें ठेविलें. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यांत तमाशावर निर्बंध आले, तेव्हां तोच जिवंत प्रकार 'लोकनाट्य' या नांवानें उभा राहिला; तें नांव रूढ होण्यांत अण्णा भाऊंचा वाटा मोठा आहे.

याच वाळवें तालुक्यांतील रेठरें हरणाक्ष गांवच्या श्रीधर कृष्ण कुलकर्णी यांनीं घरदार व जातीचा मान सोडून तमाशाचा फड जवळ केला. महाराष्ट्र त्यांस पठ्ठे बापूराव म्हणून ओळखतो. एक वेशीच्या आंतला, एक वेशीबाहेरचा. परंतु दोघांनीं ज्या कलेसाठीं आयुष्य वेंचलें, ती अशिष्ट म्हणून शाळेच्या दारांतून परत पाठवावी काय? तमाशांत अश्लीलता शिरली होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु भांडें मळलें म्हणून कोणी टाकून देत नाहीं, घांसून घेतो. अण्णा भाऊंनीं तेंच केलें. दीड दिवसाच्या या विद्यार्थ्याच्या 'फकिरा' या कादंबरीस १९६१ सालीं राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, आणि २०२२ सालीं मॉस्कोसारख्या दूरच्या नगरांत त्यांचा पुतळा उभा राहिला.

आतां तिसरा व सर्वांत गंभीर आक्षेप. कलेनें समाजाच्या दुःखांत हात घालावा काय? आमची शाळा ख्रिस्ती मिशनची आहे. प्रार्थनेच्या वेळीं बायबल येथें नित्य वाचलें जातें. त्या ग्रंथांतील यिर्मया संदेष्ट्याचें स्मरण करावें. लोक ऐकेनात, तेव्हां तो मातीचें मडकें घेऊन वडीलधाऱ्यांसह नगराबाहेर गेला आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत तें त्यानें फोडलें. पुढें एकदां तो मानेवर जूं घेऊन राजदूतांसमोर उभा राहिला. नाथान संदेष्ट्यानें दावीद राजास एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, आणि राजा संतापून न्याय करावयास निघाला तेव्हां त्या गोष्टीचा रोख त्याच्याकडेच वळविला. चांगल्या शोमरोन्याची कथा तर एका शास्त्र्यानें विचारलेल्या प्रश्नास उत्तर म्हणून तेथल्या तेथें सांगितली गेली. यांपैकीं एकही गोष्ट करमणुकीसाठीं नव्हती, व एकही गोष्ट कोण्या कार्यक्रमपत्रिकेंत छापलेली नव्हती.

आपल्या भूमींतही हेंच दिसतें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं येशूचा संदेश सांगण्यासाठीं परदेशी साज न घेतां अभंग व कीर्तन यांचाच आश्रय केला, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १९१७ च्या सुमारास, साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. गाडगेबाबांचें उदाहरण तर अधिकच बोलकें आहे. डोक्यावर गाडगें, अंगावर चिंध्यांचें वस्त्र व हातांत खराटा घेऊन ते गांवांत शिरत, आणि दिवसभर गांव झाडीत. रात्रीं त्याच गांवास कीर्तनांतून प्रश्न विचारीत. कर्ज काढून जेवणावळी कां घालतां? मुक्या जनावराचा बळी देवास कां देतां? माणसास माणसाचा विटाळ कां मानतां? श्रोत्यांचें उत्तर येई, त्यावरून पुढचें वाक्य निघे. ज्यांस अक्षरओळख नव्हती, त्या बाबांचें नांव कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेनें १९५४ सालीं कऱ्हाड येथें निघालेल्या महाविद्यालयास दिलें, हें आपणां सर्वांस विदित आहेच.

परदेशांतील एक दृष्टांतही देतों. जोसेफ बॉइस नांवाच्या जर्मन कलावंतानें १९८२ सालीं कासेल शहरांतील प्रदर्शनाच्या वेळीं संग्रहालयासमोर सात हजार दगडी खांबांची रास ओतली. एक झाड लावावें तेव्हां राशींतला एक दगड उचलून त्या झाडाशेजारीं रोवावा, अशी त्याची योजना होती. रास सरेपर्यंत पांच वर्षें लागलीं. तोंवर तो स्वतः निवर्तला होता, परंतु शहरांत सात हजार झाडें उभीं राहिलीं. तेथील पंडितांनीं यास कलेचा नवा प्रकार म्हटलें. आमच्या गाडगेबाबांचा खराटा याहून फारसा वेगळा नव्हता. फक्त त्यास कोणी प्रदर्शनांत मांडलें नाहीं.

सारांश, दुःख सांगणें म्हणजे राजकारण नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेच्या महापुरानें सांगली शहराचा मोठा भाग पाण्यांत बुडविला. आणि त्याच कृष्णेच्या खोऱ्यांत माणसारख्या तालुक्यांतील बायका कोरड्या घागरी घेऊन उभ्या राहतात. आमच्या वर्गांत पहिल्या बाकावर पुरांत वह्या वाहून गेलेला मुलगा बसतो व मागच्या बाकावर टँकरवर वाढलेला. भूगोलाच्या तासास दोघेही पर्जन्यमानाचे आंकडे पाठ करतात. त्यांनीं एकमेकांस आपली हकीकत कधीं सांगूंच नये काय?

तथापि स्वातंत्र्याबरोबर जबाबदारी येते, हें आम्ही विसरलों नाहीं. उत्स्फूर्तपणाच्या नांवाखालीं लंगड्याची, काळ्याची किंवा गरिबाची थट्टा झाली, तर तो खेळ तत्काळ थांबविला पाहिजे. म्हणून आम्ही आमच्या शाळेपुढें एक सूचना ठेवतों. येत्या स्नेहसंमेलनांत अर्धा तास मोकळा ठेवावा. त्यांत लिहिलेला संवाद व यंत्रांतलें गाणें नसावें; जें वाद्य, जें भांडें, जी चिंधी हाताशीं असेल ती घ्यावी. नियम तीनच असावेत. स्वतः पाहिलेलें किंवा भोगलेलेंच सांगावें. ऐकीव गोष्ट नको. हंसावयाचें तर बलवानास हंसावें, दुर्बळास नव्हे. आणि खेळ संपल्यावर त्या विषयांतलें एखादें लहानसें काम स्वतः करावें. कारण गाडगेबाबांनीं आधीं झाडलें, मग विचारलें.

हा तिसरा नियम आम्ही कल्पनेनें काढलेला नाहीं. त्या खेळानंतर आठवड्याच्या आंत वसतिगृहांतील मुलांनीं, कोणी न सांगतां, नळाखालीं वाया जाणारें पाणी धरण्यासाठीं एक पिंप आणून ठेविलें. तें पाणी झाडांस जातें. पाण्याच्या काटकसरीवर आम्ही वर्गांत अनेक निबंध लिहून घेतले होते. परंतु पिंप कोणी आणलें नव्हतें.

आणखी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. तक्रारी आल्यावर त्या विद्यार्थ्यास बोलावून समज देण्यांत आली. तो निमूटपणें ऐकून गेला. या वर्षीं लेझीमचा सराव सुरू झाला, तेव्हां तो आला. परंतु हलगी त्यानें दुसऱ्याच्या हातांत दिली, आणि स्वतः लेझीम घेऊन शेवटच्या रांगेंत उभा राहिला. कोणी कारण विचारलें नाहीं, व त्यानेंही सांगितलें नाहीं.

पालकहो, या प्रश्नाचा निकाल आमच्या लेखानें लागणार नाहीं. संमेलनास अद्याप अवकाश आहे. तोंवर आपल्यापैकीं एकानें जरी त्या मुलास बोलावून, 'बाळ, गेल्या वर्षींचा खेळ चांगला झाला होता,' असें म्हटलें, तर हलगी पुन्हां त्याच्या हातांत येईल, अशी आमची खात्री आहे. तेवढीच विनंति करून आम्ही वाचकांची रजा घेतों.